एकशे अडतीस पावलं

"भाऊजी, ज्या मेल्याने तो कागद धाडला ना, त्याचं कधी भलं होणार नाही!" वहिनीने चहाचा कप आदळलाच जवळजवळ.

पहारेकरी कपात बघत राहिला. तो मेला तोच होता.

अकरा वर्षं तो किल्ल्याच्या जुन्या तटापाशी पहाऱ्यावर होता. तटापासून शंभर मीटरच्या आत कुणी नवी वीट लावली की साहेबांना लिहून कळवायचं, ही त्याची नोकरी. गल्लीच्या टोकाला थोरल्या भावाचं घर. गेल्या वर्षी दादाचं अर्धं अंग लुळं पडलं, म्हणून वहिनीने दाराशीच संडास बांधून घेतला. पहारेकऱ्याने पावलं मोजली, एकशे अठ्ठावीस भरली आणि त्याने सख्ख्या भावाविरुद्ध कागद दिला. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा गडी चांगला वीतभर फुगलाही होता. परवा माणसं आली आणि तासाभरात सगळं पाडून गेली.

"ह्यांचं आपलं एकच पालुपद, मोजणीत घोळ आहे," वहिनी म्हणाली. "साहेबांकडे शब्द टाका ना. आता शेजाऱ्यांना हाका मारून सार्वजनिक संडासापर्यंत उचलून न्यावं लागतं. काल वाटेतच झालं, भाऊजी. भर गल्लीत. तेव्हापासून हे जेवायलाच तयार नाहीत."

"बघतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मोजणीत घोळ? मोजणी तर दादानेच शिकवली होती. दादाची हयात जमीनमोजणीच्या साखळ्या ओढण्यात गेलेली. एकशे तेहतीस पावलं म्हणजे शंभर मीटर, हे त्याने धाकट्याला चालवून चालवून घोटून घेतलं होतं.

दुपारी तो पुन्हा मोजायला निघाला. खुर्चीवरून उठला, लोखंडी कुंपणाला पाठ लावली, पहिलं पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला. हे कुंपण दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून खुर्ची कुंपणाशी, म्हणून मोजायचं तेही कुंपणापासून. अरे देवा! नियम तर तटापासून होता. त्याने फाटक उघडलं, आत जाऊन तटाला पाठ टेकली आणि दादाच्या दारापर्यंत मोजत आला. एकशे अडतीस.

वहिनी फुटक्या विटा गोळा करत होती. तिने हाक मारली, तर हा कामाचं निमित्त करून सटकला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच तो पर्यटकांची चाकाची खुर्ची घेऊन दादाच्या दारात गेला. आत तटाच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी स्वच्छ संडास होता, आणि किल्ली त्याच्याच कमरेला.

"गल्लीतल्यांना बंदी आहे ना रे?" दादाने विचारलं.

"चला हो तुम्ही."

तो खुर्ची ढकलू लागला. दादा काहीतरी पुटपुटत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, देवाचं नाव घेतोय. कुंपणाचं फाटक आलं तेव्हा नीट ऐकू आलं.

"एकशे अठ्ठावीस... एकशे एकोणतीस..."

दादा त्याचीच पावलं मोजत होता. तटापाशी खुर्ची थांबली.

"एकशे अडतीस," दादा म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

"दादा, कागद मी दिला."

"ठाऊक आहे. गल्लीत पावलं मोजत हिंडणारा दुसरा कोण आहे?"

"साहेबांना चूक लिहून देतो. आजच. मग नोकरी राहो नाही तर जावो."

"दे. वहिनीला मात्र सांगू नकोस, चहा बंद होईल तुझा. आणि आधी आत ने रे बाबा, घाई आहे."

आत दादाला एका हाताने पायजम्याची गाठ सुटेना. पहारेकरी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि गाठ सोडू लागला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.