दोन कुलपांची दानपेटी

मित्रांनो, जुन्या सामानाच्या दुकानात मोडक्या इस्त्रीशेजारी धूळ खात पडलेली मी एक जुनी दानपेटी आहे. एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि यहुद्यांच्या प्रार्थनागृहात दाराजवळ बसवले. मला दोन कुलपे आहेत. कारण दानाचा पैसा एकट्याने हाताळू नये, असे त्यांचे धर्मशास्त्र सांगते. एक किल्ली बेकरीवाल्याकडे असे, दुसरी घड्याळजीकडे. दोघेही सचोटीचे. माझ्यातून कोणाला काय मिळाले, हे त्यांच्या बायकांनाही कधी कळले नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हाही त्याच शास्त्राचा दंडक.

मला न चुकता नाणे देणाऱ्यांत एक एकटा, म्हातारा शिंपी होता. नजर अधू झाल्यापासून तो माझी फट बोटांनी चाचपत असे. ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्या दोघांनी मला नुकतेच रिकामे केले होते, तोच तो पुढे आला.

"दादा, एक कोट मिळेल का?"

बेकरीवाला खो खो हसला. "अहो मास्तर, सगळ्यांचे कोट तुम्ही शिवायचे आणि मागायचा आमच्याकडे? उद्या मी तुमच्या दारात पाव मागायला येतो बघा!"

शिंपीही कसनुसा हसला.

घड्याळजी म्हणाला, "राग मानू नका, मास्तर. भुकेल्याला काही न विचारता द्यायचं, पण कपडा मागितला तर आधी चौकशी. हे मी नाही, शास्त्र म्हणतं. शनिवारचा शब्बाथ उलटला की घरी येऊन बघतो."

"बरोबर आहे. नियम तो नियम. मला कुठे घाई आहे?"

जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. गरिबानेही यथाशक्ति दान द्यावे, असेही शास्त्र आहे. त्याने खिशातून नाणे काढून माझ्यात टाकले. खिशात मागे दुसरे काही वाजले नाही.

शब्बाथ उलटला. दोघांना एकदम सवड मिळेना आणि एकट्याने जाणे त्यांना प्रशस्त वाटेना. अखेर गेले, तेव्हा शिंपी खोलीत मरून पडला होता. परतल्यावर दोघे माझ्यासमोरच बसले.

"एवढ्या उकाड्यात त्याला कोट कशाला हवा होता रे?" बेकरीवाल्याने विचारले.

"विकायला. मशीन आधीच विकलेलं. भांडी कोरडी पाहिलीस ना? पाव मागायची लाज वाटली त्याला."

"मग मला सांगायचं तरी!"

"तू पावाचीच थट्टा केलीस."

त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दोन किल्ल्या पुन्हा एकत्र आल्या नाहीत, आणि न उघडणाऱ्या पेटीत कोण दान टाकणार? पुढे प्रार्थनागृह बंद पडले आणि मी वजनावर विकली गेले.

शास्त्राला दोष देणाऱ्यांशी मी आजही वाद घालीन. ज्या शास्त्राने चौकशी सांगितली, त्यानेच याचकाशी प्रसन्न मुखाने बोलावे, त्याची उणीव ओळखून ती भरावी, असेही सांगितले आहे. त्या दोघांना एक वचन आठवले आणि दुसरे आठवले नाही, इतकेच. मित्रांनो, तुमच्या दारी कोणी काही मागू लागला, तर आधी त्याच्या तोंडाकडे पाहा. ही विनंती मी करते खरी; पण तांब्याचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही, हेही मला ठाऊक आहे.

दुकानदार गिऱ्हाइकांपुढे मला हलवून दाखवतो. "ऐका, आत काहीतरी आहे!" म्हणतो.

ते शिंप्याचे नाणे आहे, माझ्यात पडलेले शेवटचे. त्या दिवशी त्यात एक पाव आला असता.