माझा नैर्ऋत्येचा कोपरा

"दोरी सोडा. आधी दोरी सोडा म्हणते!"

"वैनी, बाहेरची माणसं आली आहेत. तमाशा नको."

"तमाशा मी मांडला? मी देवापुढे बसलेय, तोंडात अर्धं स्तोत्र आहे, आणि इकडे तुम्ही पेटीस दोरी लावता? मज विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? लाकूड आहे ते. मेलेलं लाकूड."

मेलेलं लाकूड म्हणजे मी. कुंभकोणमच्या या मराठी घरातली डावी पेटी बोलतेय. दुकानदार मला स्पीकर म्हणतील, पण या घरात पहिल्या दिवसापासून मी पेटीच, म्हणून बाईसारखी बोलते. माझी जुळी बहीण, उजवी, तिकडे वायव्य कोपऱ्यात उभी आहे. तिच्या अंगाला अजून दोरी लागलेली नाही. माझ्या पोटाभोवती दोन वेढे पडलेत, आणि रविशंकरचे हमाल तिसरा वेढा हातात धरून, कुणाचं ऐकावं ते न कळून थांबलेत.

रविशंकर म्हणजे आम्हांला घेणारा. स्वामीमलैच्या रस्त्याला त्याचं हॉटेल उभं राहतंय. आम्ही दोघी तिथं दाराशी उभ्या राहायच्या. वाजायला नव्हे. आमच्या भोंग्यांच्या तोंडात तो फुलं खोचणार आहे, कापडाची, धूळ बसली तरी न सुकणारी. मघाशी त्यानं माझ्या तोंडात हात घालून माप घेतलं. तुमच्या तोंडात कुणी असा हात घातला तर तुम्ही काय कराल? मी चावू शकत नाही, एवढंच.

भांडण चालू आहे, ते काही लवकर मिटत नाही. तोवर माझी हकीकत ऐकून घ्या. मात्र आधीच सांगते, माझ्याजवळ क्षमा नाही. लाकडात मुरलेली ओल आणि माझ्यात मुरलेला अपमान, दोन्ही उन्हात ठेवून जात नाहीत.

माझा गळा सिनेमाघरातला. मघाशी दोरी सोडा म्हणाली ती वेदवती. तिचा नवरा लक्ष्मीनारायण गावातल्या एका टॉकीजमध्ये हिशेबनीस होता. टॉकीज बंद पडली, पडदा फाडून नेला, आणि पडद्यामागचे ते जड लोखंडी ड्रायव्हर, आवाज फुंकणारे गळे, कुणाला नको होते. त्यानं ते सायकलरिक्षात घालून घरी आणले आणि बायकोपुढे ठेवले. दुसऱ्या बायकोनं डोक्याला हात लावला असता. हिनं पदर खोचला.

वेदवतीची शाळा चौथीत सुटलेली. टॉकीजमधून रेडिओची जुनी इंग्रजी मासिकं आली होती, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. ती मासिकांसाठी इंग्रजी शिकली. आजही तिला इंग्रजीत दूधवाल्याशी बोलता येणार नाही, पण आवाजाची लाट भोंग्यात कशी फुगते ते विचारा, तासभर सांगेल, आणि तुम्ही जांभई दिलीत तर रागावेल.

माझं पोट फणसाचं. तिरुनीलक्कुडी गावी फणसाचं एक झाड पडलं, त्याच्या फळ्या तिनं स्वतः टकटक वाजवून निवडल्या. माझा भोंगा पितळी, इथल्या भांडी करणाऱ्यांच्या गल्लीतला. हंडे घडवणाऱ्या माणसाला तिनं कागदावर आकार काढून दिला. तो म्हणाला, "अम्मा, याला बूड कुठाय?" ती म्हणाली, "बूड नाहीच. वर तोंड, खाली गळा. घाल हातोडा."

पहिल्यांदा वाजले तेव्हा पंगतीत ताट आपटावं तशी खणखणले. पितळ ते, ते स्वतःचंच गाणं गातं. वेदवतीनं माझ्या पाठीवर काथ्याची दोरी गच्च गुंडाळली, वरून डांबर फासलं. पुढून मी नवरीसारखी लखलखते, मागून बघाल तर चिखलातली म्हैस. पण खणखण गेली. मग तिनं नादस्वर आणि तविल, म्हणजे देवळातल्या सनई-ढोलाचं वाजवणं, लावलं. थोड्या वेळात दाराशी शेजारीण उभी, हातात ताट, ताटात नारळ, विडा, कापूर. तिला वाटलं, स्वामीची स्वारी आपल्या रस्त्याला वळली. वेदवतीनं तिला आत घेतलं, कापूर लावला आणि मला ओवाळलं. आयुष्यात मला एकदाच ओवाळलंय. त्या घटकेचा अजून माज आहे मला.

आता कोपऱ्याचं सांगते, कारण सगळं वैर त्यातलंच. माझ्या पोटातली वाट शंखासारखी दुमडलेली आहे. आवाज त्या वाटेनं फिरत फिरत पाठीशी बाहेर पडतो, आणि तिथून पुढचा भोंगा घराच्या भिंती होतात, कोपऱ्याच्या दोन भिंती. मी अर्धी लाकडाची, अर्धी घराची. कोपऱ्यातून मला हात-दोन हात पुढे ओढलंत तर तविलाचा खालचा घुमारा गेलाच, राहते ती नुसती टिकटिक. म्हणून आम्हां दोघींना एकाच भिंतीचे दोन कोपरे लागतात. ईशान्येस देव. देवाला उठवायचं नाही, हे वेदवतीलाही मान्य. मग पश्चिमेची भिंत आमची झाली. वायव्येला उजवी, नैर्ऋत्येला मी. शिवाय जड वस्तू नैर्ऋत्येसच ठेवावी असं शास्त्र सांगतं, आणि माझ्याइतकं जड या घरात दुसरं काय होतं?

मुकुंदराव होते.

लक्ष्मीनारायण गेला. वर्षश्राद्ध झालं आणि त्याचा धाकटा भाऊ मुकुंदराव बँकेतून निवृत्त होऊन चेन्नईहून राहायला आला. वडिलांचं घर, त्यांचाही हक्क, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बायको आधीच गेलेली. सोबत सून प्रीति, तिची इथल्या कॉलेजात नोकरी. आल्या आठवड्यातच त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं की घरातल्या कर्त्या पुरुषानं नैर्ऋत्येस बसावं. लगेच आरामखुर्ची आली. मला ओढत भिंतीच्या मधोमध आणलं, आणि माझ्या कोपऱ्यात, माझ्या दोन भिंतींत पाठ टेकून, मुकुंदराव बसले.

वेदवती म्हणाली, "भावजी, तिला कोपरा लागतो."

ते म्हणाले, "मजही लागतो."

तेव्हापासून मी अर्धी वाजते. उजवी घुमते, मी टिकटिकते. गाणारा एका बाजूला कलंडलेला, मृदंगवाला दुसऱ्या बाजूला तोल सांभाळतोय. आणि दोष कुणाचा? माझा! मुकुंदराव पाहुण्यांना आम्हांला दाखवायचे, "आमच्या दादानं केलेल्या, सुधारणा मी करतोय." कोपऱ्यात उभ्या वेदवतीकडे हात करून म्हणायचे, "वैनी पुसून ठेवतात हो." लक्ष्मीनारायण जिवंत असता तर म्हणाला असता, "मी नाही बाबा, हिनं." तो नेहमी म्हणायचा. मेलेल्या माणसाचं मौन किती जणांच्या उपयोगी पडतं!

वेदवती पाहुण्यांना कॉफी द्यायची आणि आत जायची. मी मात्र प्रत्येक शब्द पोटात ठेवला. पोट मोठं आहे माझं.

मग मुकुंदरावांनी सुधारणा केल्या. नागासारख्या जाड तारा आणल्या. निळ्या दिव्यांचा ॲम्प्लिफायर आणला, एवढा दांडगा की त्यावर सिनेमाघर चाललं असतं. मी तर कुजबुजीवरही गाते. त्याचा बाकीचा जोर माझ्या भोंग्यातून नुसता सूं सूं करतो, गाणं नसतानाही. हे काही मी मुद्दाम करत नाही, पण झाकतही नाही. समोर येईल ते मी दहापट मोठं करून दाखवते. सूड घ्यायला मला दुसरं हत्यार लागत नाही.

शेवटी त्यांनी माझ्या बारीक आवाजाच्या भोंग्याला हात घातला. "वरचा आवाजच येत नाही, मेलाय तो ट्वीटर," म्हणून वेदवतीचा जुना काढला, नवा बसवला. तोही येईना. पाठीमागचं बटण शेवटपर्यंत पिळलं. तरी येईना.

आता खरं सांगते. ट्वीटर वाजत होता. वाजत होता म्हणजे किंचाळत होता. मुकुंदरावांचे कान गेले होते, सगळे नव्हेत, वरच्या सुरांपुरते. आरतीला प्रीति त्यांच्या पाठीमागे घंटा वाजवत उभी असताना ते एकदा तिला म्हणाले, "घंटा घे की हातात, बघत काय बसलीस?" प्रीतीनं वेदवतीकडे पाहिलं. वेदवतीनं निरांजनाकडे पाहिलं.

वेदवतीचे कान काय कोवळे आहेत? पंचाहत्तरीची बाई. पण साठीनंतर तिनं स्वतःच्या कानांवर विश्वास टाकणं सोडलं. पेटीत काही बदललं की सुनेला हाक मारायची, "प्रीति, तुझे कान दे बघू जरा. बोचतंय का?" प्रीति बोचतंय म्हणाली की मुकाट्यानं काढायची. उसने कान घ्यायला तिला लाज वाटली नाही. मुकुंदरावांना वाटली असती.

मग तिनं त्यांना सांगितलं का नाही? दया आली म्हणून? तुम्ही वेदवतीला ओळखत नाही. लोणचं मुरू द्यावं लागतं.

गेल्या आषाढात मुकुंदरावांची भीमरथशांती झाली. सत्तरी पुरी. होम आटोपला आणि त्यांनी हौसेनं आम्हांला लावलं, बटण पिळलेलंच. मी काहीही झाकलं नाही. तंबोऱ्याची तार सुईसारखी माणसांच्या डोक्यात घातली. माणसं एकेक करून उठली, मागच्या अंगणात गेली. शास्त्रीबुवा तर पंचपात्र विसरून गेले. मुकुंदराव खुर्चीत हसत म्हणाले, "भूक लागली वाटतं अस्क्यांना, सगळ्यांनाच!"

मला वाटलं, जिंकले. मूर्ख मी. जेवताना लोक म्हणाले, "पेट्या जुन्या झाल्या हो, कर्कश वाजतात," आणि मुकुंदरावांना आम्हांला काढायला निमित्तच मिळालं. माझा सूड माझ्याच गळ्यात आला. तिथून रविशंकर आला, आणि आज ही दोरी.

तुमच्या घरात कुणी एखादी मोठी पेटी आणली असेल, तर माझी विनवणी नाही, ताकीद आहे. तिला विचारा ती कुठं उभी राहणार. मग खुर्ची मांडा. आणि तिच्या तोंडात फुलं खोचू नका.

आता इकडे बघा, भांडण कुठवर आलंय.

"अम्मा," रविशंकर तमिळमध्ये म्हणतोय, "सार म्हणतात, मशीन मेलंय. मेलेलं ठेवून काय करणार?"

"कोण म्हणतं मेलंय?"

"मी म्हणतो!" मुकुंदराव माझ्या कोपऱ्यात, खुर्चीत, हातात रिमोट. "वर काहीच नाही त्यात. शोभेलाच बऱ्या."

"बरं तर," वेदवती म्हणाली. एवढं शांत मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती माझ्यामागे आली, गुडघा टेकला, "अय्यो" म्हणाली, आणि सवयीच्या बोटांनी माझ्या पोटाची तार काढली, मग गळ्याची. उजवीच्याही काढल्या. दोघींचे फक्त ट्वीटर राहिले. मग उठून, कंबर धरून, रविशंकरला म्हणाली, "आता तुम्हीच बघा, आहे की मेलंय. लावा भावजी. व्हायोलिन लावा."

"थोरल्या आई, नको ना," प्रीति दारातून हळूच म्हणाली.

"तू थांब तिथं."

मुकुंदरावांनी लावलं. खाली खर्ज नाही, मध्ये सूर नाही, नुसती गजाची धार. हमालांनी मान वर केली.

"बघा," मुकुंदराव म्हणाले. "आहे का काही? काहीच नाही."

"वाढवा," वेदवती म्हणाली.

त्यांनी वाढवलं.

"अजून वाढवा. कदाचित येईल."

त्यांनी अजून वाढवलं. माझ्या भोंग्याची कड तापली. सगळी वर्षं, सगळ्या कॉफ्या, "पुसून ठेवतात हो", सगळं मी त्या एका बारीक तोंडातून सोडलं. जळाले असते तरी चाललं असतं. एक हमाल दोरी टाकून ओसरीवर गेला. दुसऱ्यानं डोळे मिटले. रविशंकर दोन पावलं मागं सरला आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं, तरी त्यानं डोक्याला हात लावला नाही, कानाला लावला.

मुकुंदराव माझ्याकडे बघत होते, आमच्याकडेच, दुसरीकडे कुठेही नाही. अंगठा रिमोटवर. चेहऱ्यावर विजय.

"पटलं का वैनी? शुकशुकाट."

वेदवती त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्यानं बोलली, माझ्याहून मोठ्यानं, पण ओरडली नाही.

"भावजी, व्हायोलिन वाजतंय, तुमच्या सुनेनं दोन्ही कान झाकलेत ते बघा, आणि त्या कोपऱ्यातनं उठा."