लंब्याचं नाव संथ ओळीत आलं तेव्हा

मी रस्सी बोलतेय. मोठ्या जाळ्याची, किनाऱ्यावर उभं राहून माणसं ओढतात ती. दिसायला खरखरीत, बोलायलाही तशीच. गोड बोलणं ऐकायचं असेल तर रेशमाच्या लडीकडे जा.

मला काथ्यापासून वळलं तेव्हा वळणारे दोघे भाऊ सारखे भांडत होते. म्हणून मला घट्ट पीळ बसला. मग मी जाळ्याला बांधली गेले, आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की मला हात ओढत नाहीत, गाणं ओढतं. वीस माणसं वीसदा ओढतील तर काही होत नाही. वीसजण एकदम ओढतील तर समुद्रसुद्धा जाळं सोडतो. त्यांना एकदम ओढायला लावतं ते गाणं.

सगळ्यात पुढे उभी राहायची भोंगा. हे तिचं टोपणनाव. आवाज तसाच होता, आणि नाव ठेवणाऱ्या तिच्याच नणंदा होत्या. ती ओळ टाकायची आणि बाकीचे ओढायचे.

"खेच गं खेच, जोर लावून खेच,
मागं उभी धाकटी, तिला पडलाय पेच!"

मग तिची धाकटी जाऊ लाजून दुप्पट जोर लावायची. जो रस्सीला हात लावेल, त्याची खोड गाण्यात यायची. कोणाची सुटका नाही. मला हे फार आवडायचं. माणसं एकमेकांच्या पाठीमागे बोलतात, ही माणसं तोंडावर बोलायची आणि तेही सुरात.

जाळं लाटा फुटतात तिथे आलं की गाणं संथ व्हायचं. तिथे हिसका दिला तर जाळं फाटतं. लाटेला जाऊ द्यायचं, मग ओढायचं. त्या संथ ओळींत ज्यांना समुद्राने ठेवून घेतलं, फक्त त्यांची नावं घ्यायची. हा नियम कोणी तोंडाने सांगत नसे. सांगायचा तर आपापला माणूस आठवायचा. कोण सांगणार?

म्हणूनच घोटाळा झाला.

भोंगाचा मुलगा लंब्या खोल समुद्रात गेला होता. बाकीच्या बोटी परतल्या, त्याची आली नव्हती. घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. त्यात भोंगाचा घसा बसला. तिने सुनेला पुढे ढकललं. सून शिंप्याची लेक, लग्न होऊन नुकतीच आलेली. गळा गोड. जलद ओळी तिने झकास म्हटल्या. संथ ओळी आल्या, आणि ती नवऱ्याच्या आठवणीने भरून येऊन गायली,

"हळू गं हळू, लाट जाऊ दे,
लंब्याची होडी डोळ्यांना पाहू दे."

सगळे हात सुटले. एकदम. मी जाळ्यासकट सरसर लाटांपलीकडे निघाले. पोरीला काही समजेना.

"काय झालं? आई, काय चुकलं माझं?"

"अगं, जित्या माणसाला घातलंस की त्यांच्यात!" धाकटी किंचाळली.

सून जागच्या जागी खाली बसली. भोंगा बसली नाही. तिने धावत येऊन मला धरलं, कमरेला वेढा दिला आणि टाचा वाळूत रोवल्या. माझ्या खरखरीने तिचं लुगडं फाटलं, कातडीही सोलली. फाटक्या घशातून ती गायली,

"खेच गं खेच, लंब्या मोठा थोर,
घोरतो असा की पळून गेला चोर!"

"अहो वहिनी, तो इथं कुठंय? रस्सीवर नसलेल्याची खोड काढतात का?" एक नणंद म्हणाली.

"माझ्या मागे उभाय! दिसत नसेल तर डोळे धुऊन या. आणि तू गं, रडायला वेळ आहे का? तुझा नवरा आहे ना तो? सांग त्याची खोड!"

सून उठली. तिने मला धरलं.

"खेच गं खेच, लंब्याचे पाय लांब,
अंथरूण म्हणतं, जरा तरी थांब!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक हात परत आला. त्या दिवशी त्यांनी लंब्याच्या इतक्या खोड्या काढल्या की मेलेला असता तरी भांडायला आला असता. लाटांपाशी जुन्याच संथ ओळी म्हटल्या, आणि जाळं शाबूत वर आलं. मी पुष्कळ जोरदार हात पाहिलेत, पण भोंगाच्या हातासारखा हात नाही पाहिला.

लंब्या आला. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, एवढंच. किनाऱ्यावर उतरला तर पोरंसोरं त्याच्यापुढे घोरून दाखवायला लागली. बिचारा आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "बघतोस काय? बायकोला विचार."

आता पुढे सून असते. मी झिजलेय, जागोजागी गाठी मारल्यात. गाणी गोळा करणारे येतात आणि संथ ओळी तेवढ्या यंत्रात भरून नेतात, गोड लागतात म्हणून. न्या. पण टोमणेही न्या. त्यांच्याशिवाय त्या ओळींनी नुसतं रडू येतं, जाळं येत नाही.

आणि एक मागणं आहे. गाताना कोणी चुकलं, तर तोंडाकडे बघत रस्सी सोडू नका. घट्ट धरा, आणि पुढची ओळ तुम्ही म्हणा.