परदेशी पोरांच्या नावाची पाटी

शप्पथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता मी अक्षरांची शपथ घ्यावी हाही विनोदच, कारण माझ्या अंगावरचं एकही अक्षर कधी संध्याकाळपर्यंत टिकलेलं नाही.

विमानतळावर बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर लोक पाट्या धरून उभे असतात ना, त्यातली मी एक. माझा जन्म खास या कामासाठी, खास मागवलेल्या लाकडातून झाला. म्हणजे, सगळ्यांना मी तसं सांगते. खरं तर विद्यापीठातलं एक कपाट मोडलं, त्याची पाठ म्हणजे मी. माझी पांढरी सनमायका बघून विद्यापीठाचे ड्रायव्हर म्हणाले, "हिच्यावर लिहून पुसता येईल की!" झालं. सुताराने कोपरे घासले आणि मी नोकरीला लागले.

त्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणायचे. परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांना विमानतळावरून आणायचं हे त्यांचं काम. त्यांच्या डोक्यावर उभं राहून सगळ्यांना दिसायचं हे माझं.

सुरुवातीला मुलं तुरळक यायची. कुणी ताऱ्यांचा अभ्यास करायला, कुणी जुन्या लिप्या वाचायला. माझ्यावर एकच नाव, ठसठशीत. मामा वाटेत सिग्नलला ते घोकायचे. तरी माणूस समोर आला की त्यांची जीभ वळायची नाही, मग नुसतेच हसायचे. परक्या गावात स्वतःचं नाव दिसलं की चेहरा कसा सैल पडतो, ते मी फार जवळून पाहिलंय. एक जण तर मला मिठी मारून रडला. मामांना मारली असेल म्हणा, मी मध्ये होते.

मग विद्यापीठांना उमगलं, की परदेशी पोरं आली की नाव मोठं होतं आणि गल्लाही. मामांना बस मिळाली. एवढी नावं लिहायची कुठे? माझ्यावर नुसतं विद्यापीठाचं नाव आलं. ताऱ्यांचं कुणी विचारीना. येईल तो व्यवस्थापन नाहीतर कॉम्प्युटर शिकायला. दारासमोर बाकीच्या विद्यापीठांच्या पाट्या माझ्या बरगड्यांत कोपरं मारायच्या. वर राहून राहून अंग आंबून जायचं. आणि आता कुणाचाच चेहरा सैल पडत नव्हता. पोरं माझ्याकडे बघायची ती बसथांब्याकडे बघावं तशी.

त्या गर्दीत एक पोरगा चुकून आमच्या बसमध्ये चढला. त्याला जायचं होतं नदीपलीकडच्या विद्यापीठात, पूल बांधायला शिकायला. आमच्या ऑफिसात रांग एवढी, की त्याला कुणी विचारलंच नाही. फोटो काढला, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि जाहिरातींच्या वर्गात बसवलं. तो बिचारा वर्षभर वाट बघत होता, पूल कधी येणार. शेवटी पदवी घेऊनच गेला, तीही पहिल्या वर्गात.

पुढे ओहोटी लागली. आधी बस अर्धी यायला लागली, मग बस विकली आणि मामांच्या हाती पुन्हा छोटी गाडी आली. कुणी म्हणे व्हिसाचे नियम आवळले, कुणी म्हणे इथली घरभाडी झेपत नाहीत, कुणी म्हणे त्यांच्याच देशात आता चांगली विद्यापीठं निघालीत. सगळंच खरं असेल. मला एवढंच कळलं, की माझ्यावर पुन्हा नावं मावायला लागली.

यंदा ऑफिसातल्या मॅडमनी मामांना बोलावलं. मी त्यांच्या काखेत होते.

"मामा, गाडी मागणारी यंदा एकच मुलगी आहे. ती आली तर मला वर सांगता येईल, गाडी लागते म्हणून."

"आणि नाही आली तर?"

"तर गाडी बंद. तुम्हाला बागेत घेतील. माळ्याला माणूस हवाय."

"झाडं बोलत नाहीत हो, मॅडम."

"तुम्ही बोलता तेवढं त्यांना पुरे."

मॅडम हसल्या. मामांना हसू आलं नाही.

त्या सकाळी त्यांनी मुलीचं नाव इतकं जपून लिहिलं, की मला गुदगुल्या झाल्या. आम्ही दारासमोर उभे राहिलो. म्हातारी जोडपी आली, रडणारी बाळं आली, शेवटी विमानातले कर्मचारीही छोट्या बॅगा ओढत निघून गेले. मुलगी नाही. मामा मला या हातातून त्या हातात घेत राहिले. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"मामा, तिचा व्हिसा नाकारला हो. मेल आत्ता आला. या परत."

मामा तसेच उभे. जरा बाजूला एक पोरगा दोरीनं बांधलेली बॅग घेऊन केव्हाचा थांबला होता. तो जवळ आला.

"काका, नदीपलीकडच्या विद्यापीठाची गाडी कुठे लागते?"

"ती गेल्याच वर्षी बंद झाली. तुला कळवलं नाही कुणी?"

"नाही. तुम्ही तिकडचेच का?"

मामांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत होतं. तो जुना पूलवाला पोरगा आठवला असणार! याला उचलून मॅडमपुढे उभं केलं असतं, तर रिकाम्या वर्गांना माणूस हवाच होता. गाडी राहिली असती. मामांच्या हाताला असा घाम फुटला, की माझ्यावरचं मुलीचं नाव पुसून गेलं.

"काका?"

"चल, बैस," मामा म्हणाले. "पुढे बैस, मागची काच उघडत नाही."

त्यांनी त्याला नदीपलीकडे नेलं, त्याच्याच विद्यापीठाच्या फाटकात उतरवलं, बॅग पायऱ्यांपर्यंत पोचवली आणि रिकामी गाडी घेऊन परत आले.

आता मी बागेतल्या अवजारांच्या खोलीत असते, फावड्याला टेकून, कोरी. मामा पाण्याचा पाइप न्यायला येतात. मला वर धरायला कुणी नाही, तरी थकवा काही उतरत नाही. तुम्ही कधी विमानतळावर गेलात आणि सगळे पांगल्यावरही कुणी उभं दिसलं, तर "कुठे जायचंय?" एवढं तरी विचारा.

आणि शपथ घेतलीच आहे, तर हेही ऐका. पूलवाला पोरगा खरा. मिठीही खरी. घाम तेवढा मी घुसडला. मुलीचं नाव मामांनी बोटानं पुसलं होतं. मार्करचं टोपण काढून ते नदीपलीकडच्या विद्यापीठाचं नाव माझ्यावर लिहायला लागले होते, पोराला वाटावं हे तिकडचेच. पहिलं अक्षर उमटलं. पोरगा खाली वाकून बॅगेची दोरी आवळत होता, त्याला काही दिसलं नाही. मामा त्याच्या मानेकडे बघत राहिले. मग ते अक्षर त्यांनी बाहीनं पुसलं, आणि मगच म्हणाले, चल, बैस.