वरून चांदी, आतून तांबं

थांबा, मला खणकावून पाहू नका. मी अथेन्सचं नाणं, एक ड्राख्मा बोलतोय आणि आधीच कबूल करतोय: वरून चांदी, आतून तांबं.

माझा जन्म युद्धाच्या ओढगस्तीतला. स्पार्टावाल्यांनी खाणींची वाट अडवली आणि चांदी आटली. शहरानं विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्तीसुद्धा वितळवल्या, तरी वल्हेकऱ्यांचा पगार भागेना. तेव्हा टांकसाळीत तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढला, घण बसला, आणि माझ्या एका अंगावर शहराची देवी, दुसऱ्यावर घुबड उमटलं. घुबड मात्र झकास उमटलं हं!

वल्हेकऱ्यांत भरती झालेल्या थाल्लोस नावाच्या कुंभाराच्या हातावर मी पगार म्हणून पडलो. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यानं मला गालात धरलं आणि बंदरावर मेलिताच्या दुकानापुढे येऊन काढलं.

"मेलिताआई, जवाचं पीठ, कांदे, लसूण. लवकर दे गं, जहाज सुटतंय."

शेजारचा चीजवाला डेक्सिओस खेकसला, "आधी सुरी चालव त्याच्यावर! पोटात तांबं निघेल. आज तांबं देताहेत, उद्या खापऱ्या देतील!"

सगळी गल्ली बघायला लागली. थाल्लोसच्या मागे वल्हेकऱ्यांची रांग होती आणि प्रत्येकाच्या गालात माझंच एक भावंड. मेलितानं मला नाकारलं असतं, तर आम्हाला कुणीच घेतलं नसतं. उपाशीपोटी वल्हं कोण मारणार?

मेलितानं सुरी उचलली. माझी तर पाचावर धारण बसली. तेवढ्यात तिची नजर थाल्लोसच्या घट्टे नसलेल्या तळव्यांवर गेली.

"कधी वल्हं धरलंयस का रे?"

"परवापासून."

तिनं सुरी खाली ठेवली आणि मला स्वतःच्या तोंडात टाकलं. माझी कड एवढ्यातच झिजून तांबं उघडं पडलं होतं. तिची जीभ जागीच थबकली, ते मला कळलं.

"चांदी आहे," ती गल्लीभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "हं, पुढचा!"

माझा जीव भांड्यात पडला. दुपारपर्यंत डेक्सिओसचं चीजही संपलं, आमच्याच बदल्यात. काय बाई होती!

आमच्या जहाजांनी समुद्रावरची ती लढाई जिंकली. थाल्लोस परतला नाही. वादळानं त्याला नेलं. पुढे युद्धही हरलो. मेलितानं मला मात्र कधी खर्चलं नाही.

बऱ्याच वर्षांनी दवंडी आली: आजपासून तांबं चालणार नाही.

डेक्सिओस हसला. "काय गं, बुडाली की तुझी चांदी!"

"तांबं आहे हे जिभेला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. पण त्या पोराला उपाशी पाठवणार होते का मी?"

डेक्सिओसनं चीजचा एक तुकडा तिच्यापुढे सरकवला.

आता मला कुणी घेत नाही. मेलिताच्या उशाशी पडून असतो. तुम्ही मला खुशाल खोटा म्हणा, मला राग नाही. फक्त मेलिता त्या दिवशी खोटं बोलली, असं म्हणू नका.