किनाऱ्याची झाडलोट

आमचा दामाजी म्हणजे भारी हट्टी माणूस. धाकटा भाऊ आहे माझा, मला बोलायचा हक्क आहे. पंच्याऐंशी साली खाडीत मासळी उरली नाही म्हणून त्याने होडी विकली, आणि तेव्हापासून किनाऱ्यावर पाऊल टाकलं नाही. "होडी नाय त्याचं तिथं काय काम?" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला तसं बघून माझा जीव तुटायचा, आणि डोकंही फिरायचं.

आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात आजोबांच्या वेळेपासून नारळी पुनवेआधी अख्खा किनारा झाडतात. ज्याची होडी जिथे लागते तो तुकडा त्याच्याच घराने झाडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. घरात कुणी उरलंच नसेल, तरच शेजारी झाडतात. आमचा तुकडा होडी गेल्यापासून तसाच. मी खराटा उचलला की हा ओरडायचा. प्लास्टिकच्या पिशव्या नुसत्या साचलेल्या.

एका वर्षी नव्या बिल्डिंगमधली प्रमोदिनी मदतीला आली. शाळेत शिकवायची, स्वभावाने गोड, पण आमच्या रीती तिला काय ठाऊक. सगळ्यात घाण तुकडा बघितला आणि लागली झाडायला. बायका हबकल्याच. शेजारची मालू म्हणाली, "अगं शेवंते, थांबव तिला." मी म्हटलं, झाडू दे. आणि घरी जाऊन भावाला सांगितलं, "दामा, तुझा तुकडा परकी बाई झाडतेय."

तो ताडकन उठला आणि बनियनवरच किनाऱ्यावर धावला. "बाई, मी मेलो काय? जिता हाय अजून."

प्रमोदिनी पांढरीफटक पडली. "काका, माझं काय चुकलं?"

मी तिला रीत सांगितली. तिने खराटा ठेवला आणि चक्क त्याच्या पाया पडायला वाकली. दामाजी ओशाळून मागे सरला. मग तोच खराटा उचलून झाडायला लागला. पिशव्या ओढताना शिव्या घालत होता, कुणाला ते त्यालाच ठाऊक. मला रडू आलं. आलं तर आलं.

बऱ्याच वेळाने त्याने तिला शेजारचा तुकडा दाखवला. "तो पोपटचा. पोपट वारला, मागं कुणी नाय. तो तू झाड. आन् उद्या पुनवेला नारळ घेऊन ये."

"पण काका, आमच्याकडे होडी नाही ना. चालेल?"

दामाजीचा खराटा थांबला. तो खाडीकडे बघत राहिला.

"चालंल," तो म्हणाला. "माझ्याकडं तरी कुठं हाय."