नानांची सवलत

"ताई, काल सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या, आज एकदम लाल! कुणी हात लावला?"

घाईसाहेब खुर्ची ओढत आले. ऑफिसच्या या तरुण प्रमुखाला हे नाव त्याच्या पाठीमागे पडलं होतं, आणि शोभतही होतं. दुकानांच्या बिलांचं नवं सॉफ्टवेअर संध्याकाळी दुकानदारांकडे जायचं होतं, त्यामुळे आज तर विचारूच नका.

"कुणी नाही रे, बघते," म्हणत ताईने पडद्यात डोकं घातलं.

सॉफ्टवेअर नीट चालतंय का हे बघणाऱ्या चाचण्यांची मांडामांड हा ताईचा प्रांत; पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. प्रत्येक चाचणीआधी कॉम्प्युटर लुटुपुटूचं दुकान थाटायचा, नाना नावाचं गिऱ्हाईक येऊन साबण घ्यायचं, बिल व्हायचं, की सगळं पुसून पाटी कोरी. साबणाचा भाव काय, नाना कधी जन्मले, हे सारं ताईच्या सेटिंगमध्ये. नोकरीत नवी असताना तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने आपल्या वडिलांचंच नाव आणि जन्मतारीख ठोकून दिली होती.

लाल चाचणी उघडली, तर नानांचं बिल कमी आलेलं. ज्येष्ठांची सवलत! ताईने कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आज नाना साठ वर्षांचे झाले होते. सेटिंगमध्ये त्या लुटुपुटूच्या दुकानाची 'आजची तारीख' पक्की करायची राहून गेली होती, आणि चाचण्या खऱ्या तारखेवर चालत होत्या.

तिला हसूच फुटलं. खरे नाना अशाच सवलतीवर डोळे लावून बसले होते. "साठी लागू दे गं, अर्ध्या तिकिटात अख्खा मुलूख पालथा घालतो की नाही बघ!" गेल्या हिवाळ्यात ते गेले. आणि आज त्यांचा वाढदिवस आहे, हे लेकीच्या ध्यानातही नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

"जन्मतारीख बदला ना," पडद्यात डोकावत घाईसाहेब म्हणाले. "तिशीतला करून टाका म्हाताऱ्याला."

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे?"

घाईसाहेब चपापले.

ताईने सेटिंगमध्ये कालची तारीख पक्की केली. सगळं हिरवं झालं. मग तिने आणखी एक चाचणी लिहायला घेतली. हिच्यापुरती तारीख आजची.

"आता ही कशाला?"

"साठीच्याच दिवशी सवलत लागते का, हे आपण कधी तपासलंय?"

"अरेच्चा! खरंच की!"

तिने बटण दाबलं. दुकान थाटलं गेलं. नाना आले, साठ वर्षांचे झाले, सवलतीत साबण घेऊन गेले. दुकान पुसलं गेलं. उद्या सकाळी चाचण्या चालतील तेव्हा ते पुन्हा येणार होते, आणि पुन्हा साठ वर्षांचे होणार होते.